वारीतली बाई पाणी का पीत नाही?

वारीत सगळे सारखे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिथं बाईलाही माऊली म्हणतात, पुरुषालाही माऊली म्हणतात. पाया पडताना कुणी वय विचारत नाही, जात विचारत नाही. हे खरं आहे आणि थोडंथोडकं नाही. पण समता फक्त पाया पडण्यावरून मोजायची, की दिवसभर चालणाऱ्या बाईच्या शरीरालाही त्याबद्दल विचारायचं?

मी नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात बायांच्या गटांबरोबर काम करते. 2025 च्या आषाढी वारीत आमच्या गटांमधल्या अकरा जणींबरोबर मी पहिल्या दिवसाची वाट चालले. ज्ञानेश्वरांच्या पालखीचं प्रस्थान 19 जूनला आळंदीत झालं. तो मुक्काम आळंदीतच असतो, म्हणून खरं चालणं सुरू झालं 20 जूनला, पुण्याच्या दिशेनं. थोरल्या पादुका, दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर, संगमवाडी असं करत वीस किलोमीटरहून जास्त अंतर एका दिवसात होतं.

आमच्याकडची बाई कापूस वेचते, धान लावते, मिरचीच्या सातऱ्यावर बसून देठं खुडते. तिला रोजच्या हजेरीवर रोजची मजुरी. त्यात जून म्हणजे पेरणीचे दिवस. अशा वेळी घराबाहेर पडायचं तर आधी सासू, मग नवरा, मग कमावता मुलगा, अशा सगळ्यांचा होकार मिळवावा लागतो. यातल्या कितीतरी जणींना आम्ही दोन दिवसांच्या शिबिराला बोलावलं तेव्हा घरून ‘नाही’ आलं होतं. देवाचं नाव घेतल्यावर मात्र कुणाला सरळ नाही म्हणता आलं नाही. बाईला स्वतःसाठी सुट्टी मागता येत नाही, विठ्ठलासाठी मागता येते. हे आपण नीट समजून घेतलं पाहिजे.

ही वाट सोपी कधीच नव्हती. संत बहिणाबाईंनी आपल्या अभंगांत स्वतःचं आयुष्य सांगितलं आहे. कीर्तनाला, कथेला जाते म्हणून नवऱ्यानं केलेली मारहाणही त्यात आहे. कान्होपात्रेला तर बिदरच्या दरबारी जायचं नव्हतं म्हणून पंढरपूरच्या मंदिराचा आसरा घ्यावा लागला. भक्ती म्हणजे घर आणि दरबार या दोन्हींच्या बाहेरची जागा, हे या बायांनी आपल्या आधी ओळखलं होतं.

म्हणूनच त्या जागेत बाईची गैरसोय झालेली पाहिली की जास्त बोचतं. सकाळी निघताना आमच्यातल्या बहुतेकींनी चहा टाळला. वाटेत ठिकठिकाणी लोक पाणी, केळी, चिक्की देत होते. बाया केळं घेत होत्या, पाण्याला मात्र मान हलवत होत्या. विचारलं तर एक जण म्हणाली, “पाणी पेलं का मंग कुठं जाव, ताई?” पुरुष रस्त्याच्या कडेला कुठंही उभे राहत होते. बाई दुपारपर्यंत धरून ठेवते, डोक्यावर तुळस घेऊन चालते, आणि चक्कर आली तर ऊन लागलं म्हणते. कमी पाणी पिणं आणि लघवी रोखून धरणं यातून लघवीच्या मार्गाला संसर्ग होतो, हे गावातल्या आशाताईही सांगतात. पण आडोसाच नसेल तर सांगून उपयोग काय?

दुसरी गोष्ट पाळीची. आमच्या अकरा जणींपैकी आठ जणी पाळी गेलेल्या होत्या. तोवर घरच्यांनी पाठवलंच नाही. उरलेल्या तिघींपैकी दोघींनी पाळी लांबवायच्या गोळ्या खाल्ल्या होत्या, त्याही डॉक्टरला न विचारता. ज्या बाईला रक्ताच्या गुठळीचा किंवा यकृताचा आजार आहे, तिच्यासाठी या गोळ्या धोक्याच्या असतात. विटेवर उभ्या विठ्ठलानं या गोळ्या मागितलेल्या नाहीत. मागते ती आपली रीत.

तिसरी गोष्ट कामाची. सगळ्याच दिंड्या सारख्या नसतात. काहींमध्ये भिशी भरली की आचारी जेवण करतो. पण आमच्या छोट्या दिंडीत मुक्कामाला पोचल्यावर पुरुष पाय पसरून बसले आणि बाया पीठ मळायला बसल्या. चालल्या दोघंही तेवढंच.

काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही. 2015 पासून निर्मल वारीच्या नावानं मुक्कामाच्या ठिकाणी फिरती शौचालयं उभी राहू लागली. 2022 मध्ये राज्य महिला आयोगानं आरोग्यवारी सुरू केली. याचा फायदा झाला आहे. पण मुक्काम संध्याकाळी येतो. प्रश्न सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या रस्त्याचा आहे.

चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतात, आपण अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या, आपण वारीत कशाला वेळ घालवायचा? इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी वारीतला आनंद लिहिला, तसा दिंडीतला जातीजातींतला दुरावाही लिहिला. तसं जवळ जाऊन पाहणं हे आपलं काम आहे. आणि हा प्रश्न एका देवाचा नाही. आमच्या तालुक्यात वैनगंगेकाठी अंभोऱ्याला महाशिवरात्रीची यात्रा भरते, नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात. बाई जिथं जिथं मोठ्या गर्दीत जाते, तिथं ती पाणी मोजूनच पिते. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ मोहिमेनं शहरातल्या मुतारीचा प्रश्न हक्काचा म्हणून मांडला. तो आता यात्रेच्या वाटेवर आणायला हवा.

म्हणून गटांना माझी सूचना अशी. आपल्या भागातून जाणाऱ्या दिंड्यांच्या प्रमुखांना आत्तापासून भेटा. दोन मुक्कामांच्या मधल्या रस्त्यावर, ठरावीक अंतरावर, पाणी आणि दार लागणारी शौचालयं असावीत, असं निवेदन ग्रामपंचायतीला आणि जिल्हा परिषदेला द्या. निघण्याआधी बायांची आरोग्य बैठक घ्या, तिथं गोळ्यांबद्दल स्पष्ट बोला, आणि पाळीतही चालता येतं हे सांगा. दिंडीत भाकरीची पाळी पुरुषांनाही लावा.

बाईनं इतक्या कष्टानं मिळवलेली सुट्टी आहे ही. ती तरी तिला पोटभर पाणी पिऊन घालवता आली पाहिजे.