मिठाच्या पोत्यांचा राजा

परवा आमच्या म्हैसूरच्या बोगादीत एकांकडे सत्यनारायण होता. हातात प्रसादाचा शिरा पडताच एक गृहस्थ बोलते झाले. रामदेवराव यादव म्हणजे नादान राजा! १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी आला, गडावर धान्य म्हणून मिठाची पोती चढली, देवगिरी शरण गेली. त्याच काळातला पोर्तुगालचा राजा दिनिश बघा म्हणे: १२९० साली लिस्बनला विद्यापीठ, स्वतः रचलेली गाणी, दरबारी कागदांत पोर्तुगीज. आणि आपल्याकडे? मीठ!

दिनिश यांना कुठे भेटला कोण जाणे, पण पुढचं पान उलटलेलं दिसत नाही. त्याची अखेरची वर्षं पोटच्या पोराच्या बंडात गेली. तेवढ्यासाठी तिथं कुणी विद्यापीठ वजा करत नाही.

आता मीठ. ही हकीगत इतिहासकार फेरिश्ताची, घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहिलेली. बरं, खरी धरू. आमच्या बोगादी रस्त्यावरच्या किराणा दुकानाच्या दाराशी खड्या मिठाचं पोतं असतं. पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं, गोणपाट चिकट होतं, खाली फरशीवर पांढरी खरवड धरते. तेवढ्याच मापाच्या गव्हाच्या पोत्याहून ते जवळपास दीडपट जड. उचलणारा पोऱ्या आधी शिवी हासडतो, मग पाठ वाकवतो. देवगिरीच्या हमालांना पाठी नव्हत्या? एकही पोतं वाटेत उसवलं नाही? एकाच्याही ओठाला खारट लागलं नाही? फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होती, हे साधं कारण मात्र यांच्या गळी उतरत नाही. त्यात मीठ नाही ना!

‘यादव मुळात कानडीच’ हे गृहस्थांचं दुसरं पालुपद. असतील. माझी आई मराठीत रागावते नि भाजीवाल्याशी कानडीत घासाघीस करते. तिला कुठल्या रकान्यात घालायचं?

रामदेवरावाच्याच राजवटीत, १२७३ ते १२७७ दरम्यान, पंढरपूरच्या देवळाला मिळालेली दानं मराठीत दगडावर कोरली गेली. आणि १२९० साली, होय, त्याच साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी झाली. तिच्या शेवटी या ‘नादान’ राजाचं नाव आदराने आलं आहे.

तसा तो धुतल्या तांदळासारखा नव्हता. १२७१ साली नटांच्या सोंगात माणसं गडावर घुसवून त्याने चुलतभाऊ अम्मणाला कैद केलं नि गादी घेतली. १३११ साली दिल्लीची फौज इकडे होयसळांच्या दोरसमुद्रावर निघाली, तेव्हा तिला मदतही केली. यातलं काहीच गृहस्थांना ठाऊक नव्हतं. मीही बोललो नाही, शिरा संपवला.