पाय अस्वस्थ, दोष मात्र स्वभावाला

‘रात्री पाठ टेकली की पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं’, ‘पाय आतून ओढल्यासारखे होतात’, ‘हाडांत मुंग्या चालतात’. मेडिसिनच्या ओपीडीत ही तक्रार अशा वेगवेगळ्या शब्दांत येते. कोणी पोटरीला ओढणी करकचून बांधते, कोणी नातवाला पायांवर उभे करते, कोणी मध्यरात्री घरात येरझाऱ्या घालतो. दुखते का, असे विचारले तर उत्तर बहुधा ‘दुखत नाही, पण राहवत नाही’ असे मिळते. हे ‘राहवत नाही’ म्हणजेच रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, अस्वस्थ पायांचा आजार.

आजार नवा नाही. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्ये त्याचे वर्णन केले होते. स्वीडनचे डॉ. कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली. त्याच्या चार खुणा आहेत : पाय हलवण्याची अनावर ओढ, बसल्यावर किंवा पडल्यावर त्रास वाढणे, चालल्याने किंवा पाय ताणल्याने आराम पडणे आणि संध्याकाळनंतर जोर चढणे. पेटके, मधुमेहामुळे होणारी पायांची आग, संधिवात किंवा फुगलेल्या शिरा यांनी ही लक्षणे पूर्णपणे समजावता येत नसतील, तर निदान जवळपास पक्के होते. त्यासाठी एमआरआय लागत नाही, पाच मिनिटांचे नीट विचारणे लागते.

नेमके तेच होत नाही, कारण त्याआधीच रुग्णाच्या स्वभावाचा निवाडा झालेला असतो. रातराणीने प्रवास नको, नाटकाला नको, लग्नाच्या पंगतीत शेवटपर्यंत बसायला नको म्हणणारी बाई ‘माणूसघाणी’ ठरते. सतत उठून फेऱ्या मारणारा पुरुष ‘चुळबुळ्या’ ठरतो. बसल्या बसल्या पाय हलवणे अशुभ, म्हणून घरातले वडीलधारे दटावतात ते वेगळेच. आजार एकच, पण एकाला अंतर्मुख म्हटले जाते आणि दुसऱ्याला बहिर्मुख.

आता या लेबलांना विज्ञानाचा मुलामा मिळू लागला आहे. ‘मी इंट्रोव्हर्ट आहे, म्हणजे माझं डोपामिन कमी असणार, म्हणून पाय असे करतात का?’ असा प्रश्न तरुण रुग्ण विचारतात. प्रश्न अगदीच हवेतला नाही. मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी १९६७ मध्ये असा सिद्धांत मांडला की अंतर्मुख माणसांचा मेंदू मुळातच अधिक जागृत असतो, म्हणून त्यांना बाहेरची गजबज लवकर पुरे होते. पुढे काही संशोधकांनी बहिर्मुखतेचा संबंध डोपामिनशी, म्हणजे काही मिळवण्याची ओढ लावणाऱ्या मेंदूतील रसायनाशी जोडला. अस्वस्थ पायांच्या आजारातही डोपामिनच्या कामात बिघाड असतो. शिवाय या रुग्णांची झोप मोडूनही त्यांना दिवसा अपेक्षेइतकी पेंग येत नाही. त्यांचा मेंदू जणू जास्तच जागा असतो. हे सगळे जोडून एक सुबक गोष्ट तयार होते.

माझ्या मते ही गोष्ट सुबक आहे, पण उपयोगाची नाही. डोपामिन म्हणजे घरातला एकच नळ नव्हे, की सोडला की माणूस बोलका आणि बंद केला की अबोल. मेंदूत त्याचे अनेक मार्ग आहेत. हालचालीचा वेगळा, ओढ आणि बक्षिसाचा वेगळा. स्वभावाचे सिद्धांत मोठ्या समूहांच्या सरासरीबद्दल बोलतात, समोर बसलेल्या एका माणसाचे निदान करत नाहीत. या रुग्णांत काळजी करण्याचा, लवकर अस्वस्थ होण्याचा कल अधिक असल्याचे काही पाहण्यांत दिसले आहे. पण वर्षानुवर्षे मध्यरात्री येरझाऱ्या घालणारा माणूस चिंताळू झाला, तर त्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता?

मग खात्रीने हात घालता येईल असे काय आहे? लोह. शरीरात टायरोसिनपासून डोपामिन तयार करण्यातल्या मुख्य विकराला लोहाची गरज असते. या आजाराच्या अनेक रुग्णांच्या मेंदूत लोह कमी असल्याचे पाठीच्या पाण्याच्या तपासणीत आणि एमआरआयवरील अभ्यासांत दिसले आहे. गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या विकारात हा त्रास वाढतो, त्यामागचे एक कारण हेच. आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. अशा देशात या तक्रारीला ‘स्वभाव’ म्हणणे परवडणारे नाही.

येथे एक मेख आहे. हिमोग्लोबिन चांगले असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. तो साठा फेरिटिनच्या तपासणीत कळतो. प्रयोगशाळेच्या कागदावर ३० हा आकडा ‘नॉर्मल’ छापून येतो; पण या आजारात फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करावा, असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. सूज किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटे वाढते, म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही पाहावे. तपासणीविना स्वतःच गोळ्या सुरू करू नयेत. थॅलेसेमियासारख्या विकारांत जास्तीचे लोह घातक ठरू शकते.

डोपामिन आणि स्वभाव यांची खरी गाठ पडते ती औषधांत. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही डोपामिनसारखे काम करणारी औषधे सुरुवातीला जादूसारखी वाटतात. पण काही वर्षांत अनेकांचा त्रास दुपारीच सुरू होऊ लागतो, हातांपर्यंत पसरतो. काहींना तर जुगार, बेसुमार खरेदी, खाण्याची किंवा कामवासनेची अनावर ओढ लागते. काटकसरीचा माणूस अचानक उधळ्या झाला, तर घरच्यांनी आधी औषधांची चिठ्ठी काढून डॉक्टरांना दाखवावी. मात्र गोळी एकदम बंद करू नये. अमेरिकेतील निद्राविकार तज्ज्ञांच्या २०२५ च्या सूचनांत ही औषधे सरसकट न वापरण्याचा सल्ला आहे. भर लोहावर आणि गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन यांवर आहे. याही गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून त्या देखरेखीखालीच घ्याव्यात.

सर्दीच्या आणि झोप आणणाऱ्या काही अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड आणि नैराश्यावरची काही औषधे हा त्रास वाढवतात. तक्रार नेमकी कधीपासून सुरू झाली, हे आठवून सांगितले तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की ‘झोप येत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला झोपेची गोळी लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : पडल्यावर पाय हलवल्याशिवाय राहवत नाही का? उत्तर ‘हो’ आले तर फेरिटिन पाहावे. सरकारी रुग्णालयात हिमोग्लोबिन सहज होते. फेरिटिनही तितक्याच सहज व्हायला हवे. कोण अबोल आणि कोण बडबडा, याने उपचारात काही फरक पडत नाही. लोहाचा साठा किती, याने पडतो.