शब्दांच्या माजघरात : रांधणे

वडनेरहून (जि. वर्धा) एक भगिनी विचारतात, ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ असं आपण नेहमी म्हणतो, मग ‘आज मी भाजी रांधली’ असं का नाही म्हणत?

मैत्रिणींनो, हे क्रियापद फार जुनं. संस्कृतात ‘रन्धन’ म्हणजे शिजवणं. त्यामागच्या ‘रध्’ धातूत वश करण्याचाही अर्थ आहे. कडक डाळ-तांदळाला वठणीवर आणायचं, ते रांधणं! गुजरातेत शीतळा सातमला चूल पेटवत नाहीत. म्हणून आदल्या दिवशीच रांधून ठेवतात, त्या दिवसाचं नावच ‘रांधण छठ’. गोव्यात कोंकणीत ‘रांदप’ रोजच्या बोलण्यात आहे. आपण मात्र ‘स्वयंपाक’ धरला आणि ‘रांधणं’ कुरकुरीपुरतं उरलं.

‘स्वयंपाक’ म्हणजे मुळात स्वतःचं अन्न स्वतः शिजवणं. आणि आपण? सगळ्यांचं करतो नि उरलंसुरलं शेवटी जेवतो!

तेव्हा कुणी ‘दिवसभर करतेस काय?’ म्हटलं, तर ठसक्यात सांगा, ‘घरादाराचं रांधते!’ आणि आज सगळ्यांच्या पंगतीत आपलंही ताट मांडा. ‘स्वयंपाका’तला ‘स्वयं’ तेवढा तरी खरा होऊ द्या.