'तो पहिल्यापासूनच तसा आहे' म्हणू नका

स्वमग्न मुलांविषयी आता छत्रपती संभाजीनगरातही बोलले जाते. पण तेच मूल पंचविशीचे, चाळिशीचे झाले की त्याची चौकशी कुणी करत नाही. ते जेवेनासे झाले, रात्र रात्र जागू लागले, तरी घरचे म्हणतात, 'तो पहिल्यापासूनच तसा आहे.' आम्हाला हेच खोडून काढायचे आहे. स्वमग्नता जन्मजात असते. नैराश्य हा वेगळा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, स्वमग्न व्यक्तींना आयुष्यात कधीतरी नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या सुमारे चौपट आढळली. का? हाताला काम नसते. जिवाभावाचा मित्र नसतो. शाळेतली टिंगल मनात रुतून बसलेली असते. चारचौघांसारखे दिसावे म्हणून दिवसभर स्वतःला दाबून धरावे लागते. मुलींना हे अधिक साधते, म्हणून त्यांचे निदानही अनेकदा उशिरा होते. त्यात लग्नातला, मिरवणुकीतला गोंगाट कित्येकांना सोसत नाही. यातली बरीच कारणे त्या माणसात नाहीत, आपल्या वागण्यात आहेत.

ओळखायचे कसे? अनेकांना मनातले दुःख शब्दांत सांगता येत नाही, चेहऱ्यावरही दिसतेच असे नाही. म्हणून बदल पाहावा. एसटीचे वेळापत्रक तोंडपाठ असलेल्याला तेच नकोसे झाले, झोप-भूक बिघडली, चिडचिड वाढली, तर डॉक्टर गाठावा. मरणाची भाषा केली तर हसण्यावारी नेऊ नये. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, एकटे सोडू नये.

आपल्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला देते. डॉक्टरांना स्वमग्नतेविषयी आधीच सांगावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारी नोकरीतील दिव्यांगांच्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, मानसिक आजार आदींच्या गटासाठी आहे. प्रमाणपत्र काढून ठेवावे. तो हक्क आहे, उपकार नव्हे.

आणि एक काम बिनपैशाचे. आपल्या गल्लीत असा कुणी असेल तर त्याच्या आवडीचा विषय काढून पंधरा मिनिटे त्याच्याजवळ बसा. तो आपल्याकडे पाहणार नाही कदाचित. पण ऐकत असेल.