मसुदा कच्चा, बंगले पक्के

पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह झोनचा विषय निघाला की महाड-पोलादपुरात दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक म्हणतो, आता गोठासुद्धा बांधू देणार नाहीत. दुसरा, बहुधा शनिवार-रविवारी मुंबईहून आलेला, म्हणतो, एकदा झोन लागू द्या, मग बघा डोंगरातले हे बंगले कसे बंद होतात. मसुदा दोघांनीही वाचलेला नसतो.

माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३चा. अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला आणि सहावा ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडला दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. महाराष्ट्राचा १७,३४० चौरस किलोमीटर भाग त्यात आहे. बंदी कशावर? खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज, प्रदूषणाच्या लाल यादीतले नवे कारखाने आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं. राहतं घर दुरुस्त करायला, वाढवायला मोकळीक आहे. म्हणजे गोठेवाल्याने घाबरायचं कारण नाही. आणि दोन हजार चौरस फुटांच्या, तरणतलाववाल्या बंगल्याच्या मालकानेही नाही. तो मसुदा अंतिम झाला तरी हा बंगला त्याच्या चाळणीतून अलगद खाली पडतो.

या बंगल्याला अडवणारा कायदा जुनाच आहे, १९६६चा नगररचना कायदा. विनापरवाना बांधकामाला त्याच्या ५२व्या कलमाने एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड. आज पाच हजारांत जेसीबी दिवसभरसुद्धा येत नाही. ५३व्या कलमाखाली पाडण्याची नोटीस निघते, मुदत देऊन. पण त्या मुदतीत मालकाने परवानगीचा अर्ज टाकला, की निकाल लागेपर्यंत नोटीस थंड. तेवढ्यात स्लॅब टाकून होतो.

आंबेनळी घाटाच्या वाटेवर असा एक उतार पाहिला. डोंगर तीन पायऱ्यांत कापलेला, कापलेल्या कडेतून झाडांची मुळं उघडी लोंबत होती. निघालेला मुरूम सरळ ओहोळात लोटलेला, त्यामुळे पाण्याने वाट बदलली होती आणि खालच्या भाताच्या खाचरांत लाल गाळ. वर फलक, गुंठ्याचा भाव लिहिलेला. सातबाऱ्यावर अर्थात शेतजमीनच. परवानगीबद्दल विचारलं तर उत्तर तयार होतं, 'शेतघर आहे.' शेती कुठली, हे कोणी विचारत नाही.

पुढची गंमत ग्रामपंचायतीत होते. घर उभं राहिलं की घरपट्टी लागते, नमुना आठचा उतारा मिळतो, त्या उताऱ्यावर विजेचा मीटर. घरपट्टी म्हणजे परवानगी नव्हे, हे सरपंचालाही माहीत असतं आणि ग्रामसेवकालाही. पण नळपाण्याच्या योजनेचं बिल थकलेल्या पंचायतीला ती पावती गोड लागते. मी त्यांना फार दोष देत नाही. माणसं मुंबईला गेल्यामुळे गावातली निम्मी घरं बंद. कर भरणारं नवं दार उघडलं तर ते कोण लावून घेईल?

दोष द्यायचा तर कायदा कुणाला लावायचा, त्या निवडीला. गावठाणाबाहेर एखाद्याने चार पत्रे टाकून चहाची टपरी लावली की तलाठी (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, एवढी सुधारणा झाली) लगेच पंचनामा करतो. दरडग्रस्तांचंही तेच. महाडच्या तळियेत २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून जास्त माणसं दरडीखाली गेली, त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही काही. तिथे कुणाचा बंगला कारण नव्हता, पाऊस होता, हे स्पष्ट सांगायला हवं. पण तळियेची वाचलेली माणसं हक्काच्या घरासाठी कंटेनरमध्ये दिवस काढत होती, त्यांना जागा देताना प्रत्येक कागद तपासला गेला. बंगलेवाल्याच्या डोंगराला ती तपासणी लागत नाही.

झोन लागला की सगळं सुधारेल, असं म्हणणाऱ्यांनी आंबेनळी घाट चढून वर जावं. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून अधिसूचित आहे, संनियंत्रण समितीही मिळाली. अनधिकृत बांधकामाची तक्रार तिथेही संपलेली नाही. अधिसूचना झाली तरी जागेवर जाणारा माणूस तोच, तहसील कचेरीतला.

म्हणून मला वाटतं, बंगला पाडायच्या गोष्टी सोडून आधी मुरुमाकडे पाहावं. डोंगर कापल्याशिवाय इथे सपाट जागा मिळत नाही, आणि कापायला जेसीबी लागतो. तो कोणाचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. परवाना न घेता मुरूम काढून बाहेर नेला, तर दंड करायचा आणि यंत्र, गाडी जप्त करायचा अधिकार जमीन महसूल कायद्याच्या ४८व्या कलमाने महसूल खात्याकडे आहेच. सावित्री नदीतल्या वाळूसाठी तो वापरतात. वाळूच्या डंपरमागे रात्री धावणारी गाडी अधूनमधून डोंगराकडेही वळवावी. पावसाळ्यात नको. भातकापणी उरकली, रस्ते सुकले की ही कामं सुरू होतात, तेव्हा.