घराण्यांतील मधुमेह आणि जालन्याचें बियाणें

विवाहसंबंध जुळवितांना कुळाबरोबर कुळांतील रोगांचीहि चौकशी करण्याची चाल आपल्या सुशिक्षित घरांतून रूढ आहे, व ती सर्वस्वीं गैर आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ‘मुलीच्या वडिलांस मधुमेह आहे, तेव्हां तिच्या रक्तांतहि तो उतरलाच,’ असें ठरवून चांगलें स्थळ नाकारलें जातें, तेव्हां चौकशीची मर्यादा ओलांडली जाते. अलीकडे थुंकीचा नमुना पाठवून घरबसल्या जनुकांचा दाखला मिळूं लागल्यापासून या समजुतीस शास्त्राचा शिक्का बसल्यासारखें झालें आहे. शास्त्र खरोखर काय सांगतें, हें या वेळीं पाहूं.

आरंभ माणसापासून न करितां पिकापासून करणें सोयीचें. जालना शहर बियाण्यांकरितां साऱ्या देशांत प्रसिद्ध आहे. १९६४ सालीं श्री. बद्रीनारायण बारवाले यांनीं तेथें ‘महिको’ ही कंपनी स्थापिली व १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाणें लावणारा त्या जिल्ह्यांतील शेतकरी एक गोष्ट अनुभवानें जाणतो. दोन निवडक वाणांच्या संकराचें पीक जोमदार येतें. परंतु त्याच पिकाचें बीं राखून पुढील सालीं पेरलें, तर झाडें लहानमोठीं निघतात व उत्पन्न घटतें. जनुकें तींच असतात. त्यांची जुळणी मोडलेली असते. या जोमांत एकाच जनुकाच्या दोन प्रतींच्या मेळाचा वाटा किती व निरनिराळ्या जनुकांच्या परस्परक्रियेचा किती, यावर अद्यापि वाद आहे. तथापि गुण सुट्या जनुकाचा नसून जुळणीचा असूं शकतो, एवढें तें शेत स्पष्ट दाखवितें.

मनुष्याच्या देहांतहि असेंच घडतें. विदर्भांत व खानदेशांत आढळणारा सिकलसेल हा एका जनुकाच्या दोषाचा रोग. हा दोष मातापितरांपैकीं एकाकडूनच आला, तर मनुष्य सहसा आजारी पडत नाहीं. उलट घातक हिंवतापापासून त्याचें पुष्कळ रक्षण होतें. अल्फा थॅलसेमिया नांवाच्या दुसऱ्या रक्तदोषानेंहि असेंच रक्षण होतें. मग दोन्ही एकाच देहांत आले तर रक्षण दुप्पट व्हावें, असें आपणांस वाटेल. परंतु केनियाच्या किनाऱ्यावरील मुलांचा जो अभ्यास २००५ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत दोन्ही दोष एकत्र असतां तें रक्षण नाहींसें झाल्याचें आढळलें. एकेका जनुकाची वेगळी परीक्षा घेऊन हें कधींच कळलें नसतें.

मधुमेह व हृद्रोग हे तर बहुकारणी रोग. त्यांत शेंकडों जनुकांचा थोडाथोडा हात असतो. मग जनुकांच्या सर्व जोड्या कां तपासूं नयेत? अडचण गणिताची आहे. जनुकसंभारांतील ५ लाख ठिकाणें घेतलीं, तर त्यांच्या जोड्या सुमारें १२,५०० कोटी होतात. तिघांचे गट केले तर संख्या २०८ कोटी कोटींच्या घरांत जाते. हें काम संगणकावांचून होणें नाहीं, व नुसत्या मोजणीनेंहि भागत नाहीं. योगायोगानें शंभरांत एकदां दिसणारा संबंध आपण खरा मानूं लागलों, तर केवळ जोड्यांतूनच १२५ कोटी खोटे संबंध हातीं येतील. पत्रिकेंतील योग हवे तितके ताडून पाहिले म्हणजे कोणता ना कोणता जुळतोच, त्यांतलाच हा प्रकार.

यावरील एक उपाय समजण्यास सोपा आहे. अमेरिकेंतील मॅरिलिन रिची, जेसन मूर व त्यांचे सहकारी यांनीं तो २००१ सालीं स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासांत मांडला. प्रत्येक ठिकाणीं जनुकाच्या प्रतींच्या तीन अवस्था संभवतात. दोन ठिकाणें घेतलीं कीं तीन त्रिक नऊ घरें होतात. प्रत्येक घरांतील रोगी व निरोगी मोजून, जेथें रोग्यांचें प्रमाण ठराविक मर्यादेहून अधिक तें घर धोक्याचें व बाकीचीं निर्धोक ठरवावयाचीं. खरी कसोटी यापुढें. सर्व लोकांचे दहा भाग पाडून नऊ भागांवरून नियम बसवावयाचा, व राखून ठेवलेल्या दहाव्यावर तो लागू पडतो कीं नाहीं हें पाहावयाचें. असें आळीपाळीनें दहा वेळां. शिवाय ‘रोगी’ व ‘निरोगी’ अशा चिठ्ठ्या पिसून पुन्हां मोजावयाचें. पिसल्यावरहि तितकाच चांगला नियम वारंवार निघूं लागला, तर पहिला योगायोगाचा समजून टाकून द्यावयाचा. इतक्या चाळण्यांतून उतरलेल्या जोड्याहि दुसऱ्या लोकसमूहांत क्वचितच पुन्हां आढळतात.

आपल्याकडील अनुभव पाहा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व हैदराबादच्या सी. सी. एम. बी. संस्थेंतील डॉ. गिरिराज चांडक यांनीं सहकाऱ्यांसह ‘एफ. टी. ओ.’ या जनुकाचा अभ्यास केला. युरोपीय लोकांत हें जनुक मुख्यतः स्थूलतेच्या वाटेनें मधुमेहाकडे नेतें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या या भारतीय अभ्यासांत मात्र त्याचा मधुमेहाशीं असलेला संबंध स्थूलतेनें पुरता उलगडला नाहीं. सोबतचीं जनुकें, आहार, गर्भावस्थेंतील पोषण यांपैकीं कशानेंहि असा फरक पडूं शकतो. म्हणून युरोपांत बसविलेला हिशेब आपल्या मुलामुलींस जसाच्या तसा लावणें योग्य नव्हे. मधुमेहाशीं संबंध असलेल्या सामान्य जनुकभेदांत जो प्रबळ गणला जातो, त्याची एक प्रतहि धोका सुमारें १.४ पटच वाढविते.

तेव्हां विवाहापूर्वीं काय तपासावें? थॅलसेमिया व सिकलसेल यांची रक्तपरीक्षा अवश्य करावी. वधू व वर दोघेहि एकाच दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो, व हा हिशेब पक्का आहे. मधुमेहाचा तसा हिशेब आज कोणाजवळहि नाहीं. वडिलांचा मधुमेह हा मुलांस सावध करणारा इशारा खरा. त्यांनीं तिशीपासून रक्तांतील साखर नियमानें तपासावी, पोटाचा घेर आटोक्यांत ठेवावा व रोज चालावें. परंतु तेवढ्या एका कारणानें एखाद्या मुलीचें स्थळ परत पाठविण्यास शास्त्राचा आधार नाहीं.