उपचाराची चिठ्ठी आरटीओच्या टेबलावर नको

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने (एनसीबी) नांदेडच्या कामठ्यात छापा घातला, तेव्हा १११ किलो अफूच्या बोंडांचा भुसा, काही अफू आणि बोंडे दळायची यंत्रे सापडली. त्याच्या आठवडाभर आधी नायगाव तालुक्यात आंध्रातून आलेल्या ट्रकमधून अकराशे किलोंहून जास्त गांजा उतरवून घेतला होता. एप्रिल २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने लातूरच्या चाकूर तालुक्यातल्या रोहिण्यात मेफेड्रोनचा कारखानाच पकडला. या कारवायांतून माल इथे येतो, इथे तयार होतो एवढेच सिद्ध होते; तो कोण घेतो हे सिद्ध होत नाही. तरी अशा बातम्या आल्या की संशयाची सुई हमखास गाडी चालवणाऱ्यांवर येते आणि उपाय सुचवला जातो, की व्यसनावर उपचार घेणाऱ्या ड्रायव्हरची माहिती दवाखान्याने परस्पर आरटीओला द्यावी. प्रवाशांच्या काळजीपोटीच कोणी हे म्हणत असेल, पण असे केले तर रस्ते आजच्यापेक्षा जास्त धोक्याचे होतील.

ड्रायव्हर नशा करतो ती बहुतेक वेळा चैनीखातर नव्हे. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० साली दहा शहरांतल्या ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी थकलेले असताना, डोळ्यांवर झोप असतानाही गाडी चालवतो असे सांगितले. पाहणी ट्रकवाल्यांची होती, पण लातूर–अहमदपूर–लोहा–नांदेड मार्गावरचा काळी-पिवळीवाला किंवा रात्री पुण्याचे भाडे घेऊन निघालेला कारवाला काही निराळ्या धातूचा नाही. गाडी मालकाची, हप्ता फायनान्सचा आणि पैसे फेरीवर. मग कोणाला जागे राहायला भुक्की, म्हणजे तोच बोंडांचा भुसा, लागते, कोणाला उतरल्यावर झोप लागावी म्हणून बटन गोळी लागते, कोणी खोकल्याच्या औषधाची बाटलीच तोंडाला लावतो. तेलंगणात ताडीत अल्प्राझोलाम मिसळल्याची प्रकरणे वारंवार उघड झाली आहेत. सीमेपलीकडे जाऊन ती ताडी पिणाऱ्याला आपण झोपेचे औषध घेतले आहे याचा पत्ताही नसतो. आणि नाक्यावर पोलीस तोंडात जी नळी देतात, तिला फक्त दारू कळते. गांजा, गोळी, भुक्की तिच्यातून सहीसलामत सुटतात.

कायद्यात याची सोय नाही असे नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १९ अमली पदार्थांच्या सराईत व्यसनीचे लायसन्स काही काळासाठी रोखण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार आरटीओला देते. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाखाली लायसन्स रद्द झालेल्याचे नाव जाहीर करण्याचीही मुभा दिली. उलट अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनीला सेवनाच्या खटल्यातून सूट देते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित स्थितीला मानसिक आजारात धरतो आणि कलम २३ मध्ये रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. म्हणजे दोन कायदे व्यसनीला दवाखान्याकडे ढकलतात आणि तिसरा दारातच उभा राहून त्याचे लायसन्स मागतो. दवाखान्याची कागदपत्रे आरटीओकडे जाऊ लागली, तर उपचाराला जाणे म्हणजे स्वतःच्या विरोधात पुरावा देणे ठरेल. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढायला उभा राहिलेला माणूस एवढा हिशेब नक्कीच करतो. तो रांगेतून निघून जाईल. गोळी मात्र सुटणार नाही, आणि गाडीही नाही.

हा नुसता तर्क नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात वाहन चालवण्यास अयोग्य रुग्णाची माहिती डॉक्टरांनी सरकारला कळवण्याची पद्धत आहे. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक लाखाहून अधिक अशा रुग्णांचा मागोवा घेतला होता. डॉक्टरांनी ताकीद दिल्यावर त्यांचे गंभीर अपघात सुमारे ४५ टक्क्यांनी घटले. हा आकडा माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच अभ्यासात पुढे असेही दिसले, की या रुग्णांचे ताकीद देणाऱ्या डॉक्टरकडे परत येणे कमी झाले आणि नैराश्यासाठी तातडीच्या विभागात येणे वाढले. शिवाय तिथे बहुतेकांना ठरलेला डॉक्टर असतो आणि बहुतेकांचे पोट स्टिअरिंगवर चालत नाही. आपल्या ड्रायव्हरच्या बाबतीत यांतले काहीच खरे नाही. इथे ड्रायव्हर डॉक्टर बदलणार नाही, डॉक्टरकडे जाणेच बंद करील.

सर्वांत वजनदार आक्षेप जर्मनविंग्जच्या विमानाचा आहे. २४ मार्च २०१५ रोजी सहवैमानिकाने ते मुद्दाम आल्प्समध्ये आदळवले आणि १५० जण गेले. डॉक्टरांनी त्याला कामास अयोग्य ठरवले होते. तशी चिठ्ठी त्याने कंपनीपासून लपवली आणि गोपनीयतेच्या बंधनामुळे डॉक्टरही गप्प राहिले. मग गोपनीयता हवीच कशाला, असे कोणीही विचारील. पण फ्रेंच तपास यंत्रणेने अहवालात दोन्ही बाजू मांडल्या. डॉक्टरने गोपनीयता केव्हा मोडावी याचे नियम स्पष्ट करा, असे ती म्हणाली. आणि आजारपणामुळे लायसन्स गेल्यावर होणाऱ्या आर्थिक नुकसानीची भीती कमी करा, असेही म्हणाली. कारण लपवाछपवीचे मूळ त्या भीतीत असते. पहिली गोष्ट आपल्याकडे बऱ्याच अंशी आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर, ओळखता येण्याजोगा धोका असेल तर डॉक्टरने तोंड उघडण्याची मुभा आहे. मानसिक आरोग्य कायद्यातही असे अपवाद आहेत. नशेतच चावी घेऊन निघालेल्या ड्रायव्हरबद्दल डॉक्टरने कळवलेच पाहिजे. महिनाभर औषध घेऊन सावरत असलेल्याबद्दल कळवण्याचे कारण नाही.

दुसऱ्या गोष्टीचा, निदान लायसन्स जाण्याची भीती कमी करण्याचा, नमुना आपल्याच देशात आहे, फक्त आकाशात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची नशेसाठी अचानक चाचणी सुरू केली. पहिल्यांदा सापडल्यास कामावरून बाजूला करून व्यसनमुक्तीसाठी पाठवतात, दुसऱ्यांदा लायसन्स तीन वर्षे निलंबित होते आणि तिसऱ्यांदा रद्द. वैमानिकाला सावरायची एक संधी मिळते, ती काळी-पिवळीवाल्याला का नसावी हे मला कळलेले नाही. आणि चाचणी रस्त्यावरही घेता येते: ऑस्ट्रेलियात मेलबर्न असलेल्या व्हिक्टोरिया राज्यात २००४ पासून पोलीस नशेसाठी लाळेची चाचणी घेतात. लाळेत अंश सापडला म्हणजे माणूस त्या क्षणी नशेत होता असे होत नाही, म्हणून प्रयोगशाळेची खात्री आणि डॉक्टरची पाहणी लागेलच. मुद्दा असा, की लायसन्सचा निर्णय रस्त्यावर जे आढळले त्यावर व्हावा, दवाखान्यात जे सांगितले त्यावर नाही. फिटनेस देणाऱ्या डॉक्टरने आरटीओला 'योग्य', 'अयोग्य' किंवा 'अमुक महिन्यांनी पुन्हा तपासणी' एवढेच लिहावे, निदान लिहू नये. उपचार करणारा डॉक्टर वेगळा असावा. आजच्या फॉर्म १-अ मध्ये डॉक्टरचे लक्ष मुख्यतः डोळे, कान आणि हातापायांवर असते. थकवा, झोप, नशा यांची नीट विचारपूस त्यात आणायची तर आरटीओसमोर उभ्याउभ्या मिळणारे सर्टिफिकेट आधी बंद करावे लागेल.

यावर खर्चाचा प्रश्न निघतो आणि तो खराच आहे. यंत्रे, माणसे, प्रयोगशाळा सगळेच लागेल. पण त्याहून अवघड हिशेब ड्रायव्हरच्या बुडालेल्या दिवसांचा आहे. उपचारासाठी तीन आठवडे गाडी सोडली तर लोह्याच्या किंवा चाकूरच्या स्टँडवर कारण सांगावे लागत नाही, ते आपोआप कळते. मालक चावी दुसऱ्याच्या हातात देतो आणि चूल थंड होते. तेवढ्या दिवसांचा भत्ता कोणी द्यायचा हे ठरले नाही, तर गोपनीयतेचा कितीही चांगला नियम कागदावरच राहील. राज्य सरकारने रिक्षा आणि मीटर टॅक्सी चालकांसाठी कल्याणकारी मंडळ काढले आहे. त्याच्या निधीतून असा भत्ता देता येईल, पण मग मंडळाच्या नावातल्या 'मीटर' या शब्दाचे काय करायचे तेही सरकारला ठरवावे लागेल. नांदेड–लातूरच्या काळी-पिवळीला मीटर नसतो.